व्हेर्दिएरच्या गढीला बस जाते

गाडीचा नंबर टाकल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. काब्रोलांनी नाव टाकलं, पत्ता टाकला, जन्मतारीख टाकली, कोणता पदार्थ पोटाला सोसत नाही तेही प्रामाणिकपणे टाकलं (कालवं). पण ‘आपल्या वाहनाचा क्रमांक’ हा रकाना मोकळा ठेवून पुढचं बटण दाबलं की सगळा पडदा लालभडक व्हायचा. त्यांनी ‘नाही’ असं लिहून पाहिलं. लाल. ‘वाहन नाही’ लिहून पाहिलं. लाल. ‘वाहन नाही, आणि ते असण्याची गरजही नाही’ असं ठणकावून लिहायला गेले, तर ‘गरज’वरच रकाना भरला.

आता एदमों काब्रोल हे काही साधेसुधे गाडी नसलेले गृहस्थ नव्हते. परवडत नाही म्हणून गाडी नाही, डोळे अधू म्हणून गाडी नाही, असल्या सामान्य कारणांशी त्यांचा संबंध नव्हता. जिल्हा परिवहन कार्यालयात चौतीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांच्या बसची वेळापत्रकं बनवली होती. नुसती बनवली नव्हती, तर तळटीपांसकट बनवली होती. कुठल्याही वेळापत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात जी ‘क’, ‘ख’, ‘ग’ची जंत्री असते, ती लिहिणं ही एक कला आहे आणि जिल्ह्यात ती कला आपल्यानंतर कुणाला जमलेली नाही, असं त्यांचं मत होतं. अशा माणसानं गाडी बाळगणं म्हणजे आचाऱ्यानं डबा लावण्यापैकी होतं. त्यांनी गाडी चालवण्याचा परवानासुद्धा कधी काढला नाही.

शेवटी त्यांनी एक युक्ती केली. तेवीस नंबरच्या मार्गावर धावणाऱ्या बसची नंबरप्लेट त्यांना तोंडपाठ होती. तीच त्यांनी रकान्यात लिहिली. पडदा हिरवा झाला. ‘आपली खोली राखून ठेवली आहे. आपल्या वाहनाची आम्ही वाट पाहत आहोत.’

“झालं?” सोलांजनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“झालं म्हणजे काय, व्हायचंच होतं,” काब्रोल म्हणाले.

सोलांज हात पुसत आली आणि पडद्यावरचं ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. एकूण प्रकरण तिचंच होतं. सतरा वर्षांची असताना तिनं व्हेर्दिएरच्या गढीत दोन उन्हाळे काम केलं होतं, धोबीखान्यात. तिथल्या जाड तागाच्या चादरी, कोपऱ्यात घराण्याचं अक्षर भरलेल्या, रोज चाळीस चाळीस इस्त्री करायच्या आणि घडी घालून वर पाठवायच्या. वर म्हणजे कुठं, ते तिनं कधी पाहिलं नाही. नोकरांना मागचं दार होतं, मागचाच जिना होता. पुढं त्या गढीचं हॉटेल झालं, आणि आता तेही बंद होणार होतं. जूनअखेर एक कंपनी इमारत ताब्यात घेऊन तिथं आपली कार्यालयं थाटणार होती. ती बातमी वाचली त्या दिवशी सोलांज म्हणाली होती, “एदमों, मला एकदा पुढच्या दारानं आत जायचंय. त्या मोठ्या जेवणघरात बसून जेवायचंय. आणि त्या चादरींवर झोपायचंय. एक रात्र. मग खुशाल कार्यालय करू देत, नाही तर कोंबड्या पाळू देत.”

अडतीस वर्षांच्या संसारात सोलांजनं मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एक कपडे वाळत घालायची दोरी होती. काब्रोल हलून गेले. हॉटेलात एकच रात्र शिल्लक होती, मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार. जेवण रात्री आठला, खोलीच्या दरातच धरलेलं. खोली मिळाली. आता फक्त तिथवर जायचं होतं, आणि जाण्याच्या बाबतीत काब्रोलांना कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती.

तरी लोक शिकवायचेच.

बातमी जिन्यात कशी फुटली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मादाम लेस्पिनास पावाची लांब काठी काखेत मारून दारात उभ्या. “गाडीशिवाय गढीवर? अहो मस्य काब्रोल, गढ्या काय बसथांब्यावर बांधतात का? माझ्या नणंदेची मैत्रीण अशीच गेली होती. पाच वर्षं झाली.”

“आणि?”

“आणि काय? अजून सांगते बिचारी.”

वरच्या मजल्यावरचे मस्य ताबार पूर्वी औषधाच्या दुकानात होते. त्यांनी काब्रोलांना टपालपेट्यांपाशी गाठलं आणि आवाज खाली आणला. “खेड्यात टॅक्सी फक्त आजाऱ्यांसाठी असते. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर विम्यावर फुकट नेतात, नसेल तर देवाला सुद्धा नेणार नाहीत. तुम्ही गुडघा दुखतो म्हणून चिठ्ठी काढा.”

“माझा गुडघा दुखत नाही.”

“तुमची चाल बघून कुठलाही डॉक्टर लिहून देईल,” ताबार म्हणाले. काब्रोल चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि जिन्यात मुद्दाम दोन दोन पायऱ्या चढत राहिले.

तिसरा सल्लागार घरचाच होता. सोलांजचा धाकटा भाऊ फेर्नां दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला यायचा आणि कोंबडी संपून चीज यायच्या आत बसचा विषय काढायचा. हे गेली वीस वर्षं चालू होतं. “काय भाऊजी, परवा तुमची तेवीस नंबर पाहिली. खच्चून भरलेली! ड्रायव्हर, ड्रायव्हरची बायको, आणि तिला सोडायला आलेली तिची आई.” काब्रोल यावर प्रतिकिलोमीटर प्रवाशांची सरासरी सांगायचे. सरासरी ऐकून आजवर कुणी हसायचं थांबलेलं नाही.

त्या रविवारी मात्र फेर्नां सरळ म्हणाला, “ताई, शुक्रवारी मी सोडतो तुम्हाला. दीड तासाचा रस्ता. दाराशी उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी घ्यायला येतो. मला काय काम आहे?”

सोलांजनं नवऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता, आणि काब्रोलांनी तो पाहिला होता. हे पुढं त्यांना फार वेळा आठवणार होतं. त्या क्षणी मात्र त्यांना दिसत होता तो पुढच्या वीस वर्षांतला प्रत्येक पहिला रविवार आणि चीजच्या आधीचा फेर्नां.

“आभारी आहे,” ते सुरी ताटलीवर आडवी ठेवत म्हणाले. “व्हेर्दिएरच्या गढीला बस जाते.”

मग त्यांनी पक्की बांधणी केली. आगगाडी अकरा बावन्नची, लुसिए स्टेशनात बारा पन्नासला. तिथून तेवीस नंबरची बस तेरा दहाला, गढीच्या फाटकाशी तेरा एकोणचाळीसला. खबरदारी म्हणून ‘मागणीनुसार वाहन’ या सोयीचीही त्यांनी चौकशी केली. फोन केल्यावर छोटी गाडी दाराशी येते, अशी ती सोय होती. निदान कागदावर होती. फोनवरच्या बाईंनी विचारलं, “तुमचं नोंदणीपत्र आहे?”

“नाही. काढायचं कसं?”

“अर्ज करा, फोटो लावा, दहा कामाचे दिवस. पत्र मंगळवारी सकाळी स्वतः येऊन न्यायचं. आणि तुम्ही त्याच तालुक्याचे रहिवासी हवेत.”

“पण तालुक्याच्या रहिवाशाला त्याच तालुक्यात पाहुणा म्हणून जायची वेळ कशाला येईल?”

“तेच मी रोज लोकांना सांगते, मस्य. आणि गढी आमच्या थांब्यात नाही. जवळचा थांबा दफनभूमी. हे नियम ज्यानं केले तो आता निवृत्त झालाय, नाही तर मी त्याला बोलावून दाखवला असता.”

“धन्यवाद,” काब्रोल म्हणाले आणि त्यांनी फोन हळूच ठेवला. नियमांचा तो मसुदा त्यांना चांगलाच आठवत होता. त्या वर्षी त्याचं कौतुकही झालं होतं.

शुक्रवार उजाडला. सोलांजनं निळा पोशाख घातला आणि नवे सँडल, उंच टाचांचे, बारीक पट्ट्यांचे. जेवणघरातल्या लाकडी जमिनीवर टाचा कशा वाजतात ते तिनं तळघरात उभं राहून वरून ऐकलं होतं म्हणे. काब्रोलांनी स्वतःच तिला सांगितलं होतं, “खुशाल घाल. तुला तीनशे मीटरसुद्धा चालावं लागणार नाही.” जिन्यात मादाम लेस्पिनासनी दोघांच्या गालांचे मुके घेतले, जरा जास्तच घट्ट, बोटीनं निघालेल्या माणसांचे घ्यावेत तसे.

आगगाडी वेळेवर होती. लुसिए स्टेशनही जागच्या जागी होतं. बाहेर थांब्यावर बाक होतं, त्यावर ऊन होतं. दोघांनी घरून आणलेला पाव आणि हॅम खाल्लं. सोलांज मांडीवर रुमाल पसरून, पोशाखावर कण पडू न देता, पक्ष्यासारखं खात होती आणि बोलत होती. धोबीखान्यातली मुख्य बाई कशी होती, चादरीवर सुरकुती राहिली तर कशी सगळी घडी उलगडायला लावायची, आणि दोघी मुली दोन टोकांना धरून चादर ओढताना एकमेकींना कशा हिसके द्यायच्या. काब्रोलांनी तिला इतकं बोलताना कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. ते घड्याळ बघत ऐकत होते.

तेरा दहा झाले. तेरा वीस झाले. काब्रोल म्हणाले, “पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आडवे येतात.” तेरा चाळीसला ते उठले आणि थांब्यावरच्या काचेमागच्या वेळापत्रकापाशी गेले.

हे वेळापत्रक त्यांचंच होतं. नवे आकडे होते, पण हाड त्यांचं होतं. तेरा दहाच्या वर एक बारीक ‘च’ होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लावलं आणि तळाशी आपलाच ‘च’ वाचला: ‘शाळेच्या दिवशीच, पुलाचे दिवस वगळून.’

पूल म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गुरुवारी सण आला की शुक्रवारची रजा टाकून थेट रविवारपर्यंत पूल बांधायचा, हे या देशात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. काब्रोलांना ते वाक्य लिहिलेली दुपारही आठवली. ‘च’ इतका आटोपशीर बसला म्हणून ते स्वतःवर खूश झाले होते आणि खिडकीशी जाऊन एक सिगरेट ओढली होती. त्यांनी तो नियम केला होता, पण भोगला कधीच नव्हता. कारण चौतीस वर्षांत एकाही पुलाच्या शुक्रवारी ते कामावर नव्हते. कार्यालयातलं कुणीच नसायचं. सगळे पूल बांधून बसलेले. त्या शुक्रवारी खेड्यातल्या माणसाचं काय होतं ते बघायला जिल्ह्यात एकही अधिकारी जागेवर नव्हता, आणि त्यामुळंच तो नियम इतकी वर्षं निर्वेध चालला होता.

“काय झालं?” सोलांजनं बाकावरून विचारलं.

“किरकोळ तांत्रिक बाब आहे.”

सोलांजनं त्यांच्या मानेकडे पाहिलं. लाज वाटली की त्यांची मान लाल व्हायची, आणि हे फक्त तिलाच माहीत होतं. “फेर्नांला फोन करू?” तिनं हळूच विचारलं.

“पाच वाजेपर्यंत वेळ दे मला,” काब्रोल म्हणाले. “फक्त पाच.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली भरून आणते म्हणून स्टेशनात गेली. ती जरा उशिरानंच परत आली.

गावात टॅक्सी एकच होती, मादाम गिन्यार यांची. ती साडेतीनला स्टेशनाच्या चौकात आली तेव्हा काब्रोल रस्त्याच्या मध्ये उभे होते. आत पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ मान कलती करून बसले होते.

“चिठ्ठी आहे?” मादाम गिन्यारनी काच खाली करून विचारलं.

“नाही, पण भाडं जे काय—”

“भाडं नको मला, चिठ्ठी हवी. हे मस्य रांपाल. आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायला जातात. विम्याचे पेशंट. यांच्यासोबत परका माणूस बसवला आणि कुणी पाहिलं, तर माझं टॅक्सीचं परमिट जाईल.”

“गढीकडे जायचंय का?” मस्य रांपालनी डोळे न उघडताच विचारलं. “वाटेतच आहे की. गिन्यार, हे माझे चुलतभाऊ. आणि ही माझी वहिनी. बसा हो वहिनी, उन्हात काय उभ्या?”

मादाम गिन्यारनी खांदे उडवले. “नातेवाईक असतील तर मी काय विचारणार? तुम्ही नातेवाईक आहात का, मस्य?”

एवढं ‘हो’ म्हणायचं होतं. मागचं दार उघडलं होतं. सोलांजचा एक पाय आत होता, निळ्या पोशाखाची कड तिनं हातात धरली होती.

पण काब्रोल ताठ झाले. दुपारभर ते स्वतःच्या नजरेतून उतरत चालले होते आणि आता त्यांना कुठंतरी पाय रोवायचा होता. माणूस अशा वेळी नेमकी नको ती जागा निवडतो. “नाही,” ते म्हणाले. “आमचं काही नातं नाही. शिवाय रुग्णासोबत एकच इसम नेता येतो, आणि तोही डॉक्टरांच्या लेखी शिफारशीनं. नियम स्पष्ट आहे.”

मादाम गिन्यारनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सोलांजकडे पाहिलं. सोलांजनं पाय बाहेर घेतला.

“असा भाऊ असता,” रांपाल डोळे मिटूनच म्हणाले, “तर मी केव्हाच मेलो असतो.”

टॅक्सी गेली. नऊ किलोमीटर अंतर होतं, नकाशावर. मोटाररस्त्यावरून चालणं धोक्याचं म्हणून काब्रोलांनी पिवळ्या खुणांची पायवाट धरली. पायवाटा आखणाऱ्या लोकांना माणसाला कुठं पोचवायचं नसतं, काहीतरी दाखवायचं असतं, हे त्यांच्या ध्यानात यायला तास गेला. त्या वाटेनं त्यांना एक जुना धुण्याचा घाट दाखवला, एक उभा दगड दाखवला, परत एका वेगळ्या बाजूनं तोच दगड दाखवला, आणि एका शेतकऱ्याची गाय दाखवली, जी त्यांच्या मागं बराच वेळ आली. काब्रोल बॅग ओढत पुढं. दर वळणावर ते म्हणायचे, “आलंच,” आणि दर वळणानंतर म्हणायचे, “म्हणजे जवळजवळ.”

घाटापाशी सोलांजनं सँडल काढून पाय पाण्यात सोडले. टाचा सोलवटून निघाल्या होत्या. काब्रोलांनी आपले मोजे काढून दिले. निळा पोशाख, काळे पुरुषी मोजे आणि वर पट्ट्यांचे सँडल. ती स्वतःकडे बघून हसली, आणि मग हसायची थांबली.

“पाच वाजून गेले, एदमों,” ती म्हणाली.

“आता फोन केला तरी त्याला यायला दीड तास. तोवर आपण पोचतोच.”

ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. भांडणात काब्रोल चांगले होते. गप्प बसण्यापुढं त्यांचा इलाज चालत नसे.

गढीचं फाटक दिसलं तेव्हा सव्वाआठ झाले होते. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. आत लांबवर रांगेनं लिंडेनची झाडं, टोकाला पांढऱ्या पायऱ्या, उघडं मोठं दार आणि आतून पिवळा उजेड. फाटक बंद होतं. खांबावर एक कॅमेरा होता आणि खाली पाटी: ‘आपल्या वाहनाची नंबरप्लेट ओळखून फाटक आपोआप उघडेल.’ काब्रोल कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. कॅमेऱ्यानं त्यांना ओळखलं नाही. बाजूला बटण होतं, ते त्यांनी दाबलं. आत घंटा वाजत राहिली, पण आठच्या जेवणाला सगळी मंडळी वाढण्यात गुंतलेली असणार. हे फाटक उघडायला तेवीस नंबरची बस यायला हवी होती, आणि ती सोमवारशिवाय येणार नव्हती. काब्रोलांनी गजांतून हात घालून टोपी हलवली. बागेतला एक मोर त्यांच्याकडे बघून निघून गेला.

“चल,” सोलांज म्हणाली.

“कुठं?”

ती भिंतीच्या कडेनं चालू लागली होती. लंगडत, पण न चुकता. भिंत वळली तिथं ती वळली, अंगाला खाज आणणारी झुडपं टाळून उजवीकडे गेली, आणि एका लाकडी दारापाशी थांबली. दाराची कडी खालून उचलून आत ढकलायची युक्ती तिच्या हाताला अजून ठाऊक होती. दार उघडलं. आत साबणाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. पंचेचाळीस वर्षांनी सोलांज पाहुणी म्हणून गढीत शिरली, ती धोबीखान्यातून.

तिनं मागं वळून पाहिलं नाही, म्हणून काब्रोलांना तिचा चेहरा दिसला नाही. दिसला नाही ते बरं झालं असं त्यांना त्या वेळी वाटलं, आणि तसं वाटल्याची त्यांना आजही लाज वाटते.

स्वागतकक्षातली तरुण बाई मागच्या जिन्यातून वर आलेली ही दोघं पाहून दचकली. तिनं नाव तपासलं, माफी मागितली, पुन्हा तपासलं. “तुमचं वाहन बारा मीटर लांब आहे असं इथं दिसतंय. आम्ही चार जागा मोकळ्या ठेवल्यात.”

“ते आलं नाही,” काब्रोल म्हणाले.

“आणि जेवण... साडेआठला ऑर्डर बंद होते हो. आत्ता आठ सदतीस झालेत. मुख्य आचाऱ्यांनी चूल विझवली की ते बाबा पोप आले तरी पेटवत नाहीत. मी खोलीत थंड ताटली पाठवू का? हॅम आहे.”

जेवणघराचं दार अर्धवट उघडं होतं. आतून काट्याचमच्यांचा आवाज येत होता, आणि कुणाच्या तरी टाचांचा. सोलांज क्षणभर तिथं उभी राहिली, मोजे घातलेल्या पायांवर. मग ती म्हणाली, “चालेल की. हॅम मला आवडतं.”

खोली सुंदर होती असं काब्रोल मागाहून सर्वांना सांगत. त्यांनी ती नीट पाहिली नव्हती. ताटली येईपर्यंत सोलांज पलंगावर आडवी झाली ती, पोशाखासकट, तशीच झोपून गेली. काब्रोलांनी तिच्या पायांवरून मोजे काढले. ते जखमांना चिकटले होते. ती जागी झाली नाही. ते खुर्चीत बसून हॅम खात राहिले, दोघांच्या वाटचं.

सकाळी त्यांना जाग आली तेव्हा सोलांज खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, निघायच्या तयारीत. पलंगाची तिची अर्धी बाजू तिनं ताणून, खोचून, सुरकुती न ठेवता लावून टाकली होती, आणि ते उठायची वाट बघत होती, म्हणजे दुसरी अर्धी लावता येईल.

“अगं, इथं मुली असतात त्याला.”

“माहितीय. म्हणूनच.”

काब्रोलांनी धीर करून विचारलं, “कशा होत्या? चादरी?”

सोलांजनं थोडा विचार केला. ती कधी खोटं बोलत नसे, निदान त्यांच्याशी. “कळलंच नाही रे,” ती म्हणाली. “मी झोपलेच ना.”

अजून एक रात्र मिळेल का म्हणून ते खाली जाऊन विचारून आले. शेवटच्या दिवसापर्यंत एकही खोली नव्हती. जेवणघरात खुर्च्या मेजांवर उलट्या ठेवल्या होत्या. न्याहारी मागच्या काचघरात होती. बस सोमवारी होती. मग जी गोष्ट महिनाभर आधी, कोंबडी आणि चीज यांच्यामध्ये, एका वाक्यात करता आली असती, ती काब्रोलांनी गढीच्या पायऱ्यांवर उभं राहून केली. त्यांनी फेर्नांला फोन लावला. “फेर्नां, तुझी गाडी—” ते म्हणाले.

“आलोच,” फेर्नां म्हणाला.

तो सात मिनिटांत आला; फाटक स्वागतकक्षातल्या बाईनं उघडून दिलं. दीड तासाचा रस्ता सात मिनिटांत होत नाही, एवढं गणित काब्रोलांना येत होतं. गाडीच्या मागच्या काचेवर दव होतं आणि फेर्नांच्या गालावर सीटच्या शिवणीचा वळ.

“तू कधी आलास?” काब्रोलांनी विचारलं.

“काल. ताईनं दोनला स्टेशनातून फोन केला. ये म्हणाली, पण मी बोलावल्याशिवाय समोर येऊ नको, म्हणाली. ‘एदमोंची मान लाल झालीय’ असंही म्हणाली.” फेर्नां त्यांच्याकडे न बघता बॅग उचलत होता. “साडेतीनपासून लुसिएत चर्चमागं होतो. रात्रीही म्हटलं, थांबावं. सीट मागं पडते माझी.”

म्हणजे ती घाटावर सोललेले पाय पाण्यात सोडून बसली होती तेव्हा गाडी दहा मिनिटांवर होती. म्हणजे पाच वाजून गेले असं ती म्हणाली, ती वेळ सांगत नव्हती. जेवण, पुढचं दार, त्या चादरी, सगळं तिच्या पिशवीत, एका बटणावर होतं, आणि ते तिनं दाबलं नाही, कारण त्यांनी फक्त पाच म्हटलं होतं आणि मग पाचनंतरही नाही म्हटलं होतं. फेर्नांच्या प्रत्येक विनोदाला काब्रोलांकडे वीस वर्षांची उत्तरं तयार होती. फेर्नांनं एकही विनोद केला नाही.

सोलांज पुढच्या दारानं बाहेर आली. पांढऱ्या पायऱ्या एक एक करत, कठड्याला धरून. फेर्नांनं तिला पुढच्या सीटवर बसवलं. काब्रोल मागं, मासे पकडायच्या गळांच्या शेजारी. फाटक फेर्नांच्या गाडीसाठी आतून आपोआप उघडलं. बाहेर जाणाऱ्यांना ते काही विचारत नव्हतं.

लुसिए स्टेशन मागं पडलं. मग फेर्नांनं विचारलं, “मग ताई? कशा होत्या तुझ्या चादरी?”

“काय सांगू तुला,” सोलांज म्हणाली. तिचा आवाज अगदी हलका होता. “आधी थंडगार, आणि मग हळूहळू आपल्या अंगाची ऊब धरतात. अशी झोप मला जन्मात लागली नव्हती.”

“आणि जेवण?”

“बदक होतं. संत्र्याच्या रसातलं. खिडकीशेजारचं मेज दिलं आम्हाला. वाढणाऱ्या मुलीनं दोनदा विचारलं, अजून देऊ का म्हणून.”

काब्रोल तिच्या मानेकडे बघत होते. ती लाल वगैरे झाली नव्हती. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्यासाठी असं किती वेळा, किती सहज केलं असेल, याचा हिशेब ते करू लागले. काल उघड्या दारापाशी एक शब्द खोटा बोलायचा होता, तर त्यांची तत्त्वं आडवी आली होती.

“आणि भाऊजी?” फेर्नांनं रस्त्याकडे बघत विचारलं. “तुम्ही काय घेतलंत?”

सोलांज समोर बघत होती.

“मीही बदकच घेतलं,” काब्रोल म्हणाले. “फार छान होतं.” शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फुटला, आणि फेर्नांनं, पुढचा रस्ता मोकळा असूनही, घर येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.